फुटबॉलची गर्दी आणि हाणामारी : थोडा इतिहास



कार्यकारिणीच्या मागच्या सभेत हळदीकुंकवाचा हॉल आणि गणपतीचे ढोल हे दोन्ही विषय दहा मिनिटांत उरकले आणि तिसऱ्या विषयावर दीड तास गेला. आपल्या बालविभागातल्या बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी लेखी मागणी केली होती (होय, लेखी, खाली अकरा सह्या!) की दर वर्षी ट्यूलिप बघायला नेता, त्यापेक्षा या वर्षी आयॅक्सच्या सामन्याला न्या. अर्ध्या पालकांनी लगेच होकार दिला, अर्ध्यांनी तितक्याच लगेच नकार. नकार देणाऱ्यांचे म्हणणे एकच होते, "तिथे मारामाऱ्या होतात." होकार देणारे म्हणाले, "आम्ही ऑफिसबरोबर गेलो होतो, काहीसुद्धा होत नाही." मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले एक आजोबा कोपऱ्यात चहा घेत हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "खेळ बघायला जाऊन माणसे एकमेकांना मारतात कशाला, ते आधी सांगा. मग न्यायचे की नाही ते ठरवा." सगळे गप्प झाले. सभेचे इतिवृत्त आम्ही लिहीत होतो, म्हणून उत्तर शोधायचे कामही आमच्याच गळ्यात पडले.

आम्ही व्यवसायाने केमिस्ट. इतिहासाशी आमचा संबंध दहावीपर्यंतचा. पण आम्ही कोल्हापूरचे आहोत, आणि कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलची गर्दी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याविषयी पुढे येईलच. आधी आपल्या अंगणातली गोष्ट.

बेव्हरवाइकचा बाजार आपल्या बहुतेकांना माहीत आहे. मेथीच्या जुड्या, आंब्याच्या पेट्या आणि पितळेची भांडी यांसाठी शनिवार-रविवारी हूफडॉर्पहून ए-९ महामार्गाने, कालव्याखालच्या बोगद्यातून आपण तिकडे जात असतो. याच महामार्गालगत, बेव्हरवाइकजवळच्या एका मोकळ्या माळावर, रविवारी २३ मार्च १९९७ रोजी आयॅक्स आणि फेयेनूर्डचे समर्थक समोरासमोर आले. हातात हातोडे, लोखंडी गज, सुरे. मारामारी चालली जेमतेम काही मिनिटे. पोलीस पोचेपर्यंत दोन्ही बाजू पांगल्या होत्या आणि आयॅक्सच्या बाजूचा कार्लो पिकोर्नी हा ३५ वर्षांचा माणूस मरणाच्या दारात होता. डच फुटबॉलच्या इतिहासात या घटनेला नुसते 'बेव्हरवाइक' म्हणतात.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट बातमीच्या शेपटीला असते. त्या दिवशी आयॅक्सचा सामना होता वाल्वाइकला आणि फेयेनूर्डचा होता अल्कमारला. म्हणजे हे दोन संघ एकमेकांशी खेळतच नव्हते! तिथे मैदान नव्हते, चेंडू नव्हता, चुकीचा निर्णय देणारा पंच नव्हता. मोबाइल फोन नुकते लोकांच्या हातात आले होते, त्यांवरून भेटायची जागा ठरवली गेली. मग याला 'फुटबॉलची दंगल' का म्हणायचे, हा आजोबांचाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत.

फुटबॉल आणि दांडगाई यांची ओळख तशी जुनी आहे. लंडनच्या महापौराने १३१४ मध्ये शहरात फुटबॉल खेळायलाच बंदी केली होती, कारण त्या वेळचा खेळ म्हणजे शेदोनशे माणसांनी गल्लीबोळांतून चेंडू पळवणे. त्यात खेळणारा कोण आणि बघणारा कोण हे सांगता येत नसे. १८६३ मध्ये इंग्लंडात नियम ठरले, मैदानाला रेघा आल्या आणि बघणारे रेघेबाहेर गेले. त्यानंतरही दंगे झाले, पण त्यांचा रोख निराळा असे. ग्लासगो शहरात एप्रिल १९०९ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स यांचा अंतिम सामना दुसऱ्यांदा बरोबरीत सुटला. लोकांना वाटले, आता जादा वेळ खेळवतील. ती खेळवली नाही, तेव्हा गर्दी मैदानात घुसली, गोलचे खांब उपटले आणि तिकीट-खिडक्यांना आग लावली. सेल्टिक आणि रेंजर्स म्हणजे एक कॅथॉलिक आणि एक प्रॉटेस्टंट, हाडवैर. पण त्या दिवशी दोन्हींचे समर्थक एकाच बाजूने, संयोजकांविरुद्ध, दंगा करत होते. जुना दंगा बहुधा असाच, पैसे देऊन फसवले गेल्याची भावना झालेल्या गिऱ्हाइकाचा. आपल्याकडे १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डनवर भारत श्रीलंकेपुढे कोसळला तेव्हा लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. तो राग आपल्याच संघावरचा होता. क्रिकेटमध्ये दंगे होत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

समर्थकाने समर्थकाला मारायचे, आणि त्यासाठीच मैदानावर जायचे, ही पद्धत त्या मानाने नवी आहे. ती इंग्लंडात साधारण १९६० नंतर रुजली. त्याआधी पोरगा बापाबरोबर किंवा काकाबरोबर सामन्याला जाई. शेजारी गल्लीतली माणसे उभी असत, त्यामुळे शिवी तोंडात आली तरी गिळावी लागे. साठच्या दशकात सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या खिशात स्वतःची कमाई आली, परगावच्या सामन्यांसाठी स्वस्त खास गाड्या सुटू लागल्या, आणि पोरे बापाला सोडून आपापली टोळकी करून निघाली. गोलच्या मागच्या, उभ्याने बघायच्या स्वस्त पायऱ्या त्यांनी आपल्या केल्या. पाहुण्या संघाच्या पोरांनी येऊन ती जागा 'घ्यायची' आणि यजमानांनी ती राखायची, असा हा मैदानाबाहेरचा दुसरा खेळ सुरू झाला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, टोळ्यांना नावे मिळाली आणि कात्रणे जपून ठेवायची सोय झाली.

आम्हाला विचाराल तर सगळ्याचे बी इथे आहे. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, एका पेनल्टीने सामना फिरतो, नव्वद मिनिटे जीव टांगणीला लागतो, हे सगळे खरे. पण ते १९५० मध्येही खरेच होते. बदलला तो खेळ नव्हे, कोण कुणाबरोबर जातो ते बदलले.

हॉलंडात ही पद्धत आली ती अक्षरशः बोटीने. २९ मे १९७४ रोजी रॉटरडॅमच्या कायपमध्ये यूएफा कपाच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना होता, फेयेनूर्ड विरुद्ध लंडनचे टॉटनहॅम. इंग्लिश समर्थकांनी सामना चालू असतानाच खुर्च्या मोडून शेजारच्या डच प्रेक्षकांवर फेकायला सुरुवात केली. टॉटनहॅमचे प्रशिक्षक बिल निकल्सन यांनी मध्यंतरात संघाशी बोलायचे सोडून ध्वनिक्षेपकावरून आपल्याच लोकांना विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. फेयेनूर्ड २-० ने जिंकले, कप मिळाला आणि दोनशेच्या आसपास माणसे जखमी झाली. डच लोकांना तो धक्का होता. इथल्या पोरांना मात्र तो धडा वाटला असावा, कारण पुढच्या काही वर्षांत प्रत्येक मोठ्या क्लबाजवळ तसलीच टोळी तयार झाली. आयॅक्सच्या जुन्या मैदानातल्या एफ विभागात उभी राहणारी ती १९७६ पासूनची 'एफ-साइड', उट्रेख्टची 'बुनिकसाइड', फेयेनूर्डचे 'फाक एस'. हेगच्या पोरांनी तर १९८२ मध्ये आपल्याच मैदानावरचा लाकडी स्टँड जाळला. सप्टेंबर १९८९ मध्ये एफ-साइडमधून एक लोखंडी गज ऑस्ट्रिया व्हिएन्नाच्या गोलरक्षकावर येऊन आदळला, आणि आयॅक्सला पुढचा एक हंगाम युरोपीय स्पर्धांना मुकावे लागले. महिन्याभरातच फेयेनूर्डच्या बाजूने आयॅक्सच्या प्रेक्षकांत खिळे भरलेले हातबॉम्ब पडले.

हा देश लहान आहे ही गोष्टही इथे धरली पाहिजे. मुंबईच्या संघाचा चाहता कोलकात्याला सामना बघायला दर पंधरवड्याला जाऊ शकत नाही. ॲमस्टरडॅमहून रॉटरडॅमला मात्र आपल्यापैकी कितीतरी जण रोज नोकरीला जातात! परगावचे वैर इथे पुण्या-लोणावळ्याइतके जवळ राहते.

यात एक गोष्ट अशी आहे की जी मुलांना घेऊन जाण्याआधी पालकांना माहीत असायलाच हवी. आयॅक्सचे जुने मैदान ॲमस्टरडॅमच्या पूर्व भागात होते. युद्धापूर्वी या शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि क्लबाच्या प्रेक्षकांतही ज्यू बरेच असत. जर्मनांच्या ताब्यात असताना या देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत विरोधी संघांचे लोक आयॅक्सवाल्यांना 'ज्यू' म्हणून हिणवू लागले. आयॅक्सच्या पोरांनी, ज्यांतले बहुतेक ज्यू नव्हते, ती शिवी उचलून बिरुदासारखी मिरवायला घेतली, दावीदच्या ताऱ्याचे झेंडे नाचवले. मग समोरून गॅस सोडल्यासारखा 'सूंऽऽ' आवाज काढायची किळसवाणी प्रथा आली. आपल्या घरातले वडीलधारे गेलेल्या म्हाताऱ्या ज्यू माणसाला स्टँडमध्ये हे ऐकताना काय वाटत असेल? आमच्या मते मारामारीपेक्षा हे वाईट. मुलांच्या कानांवर असले काही पडले तर 'ते आपले नाही, तिकडे लक्ष देऊ नको' म्हणून झटकू नये. घरी आल्यावर या शहरात काय घडले ते सांगावे, ॲन फ्रँकचे घर दाखवून आणावे.

परत बेव्हरवाइककडे. ऐंशीच्या दशकात पोलीस जागे झाले. उट्रेख्टला १९८६ मध्ये फुटबॉलच्या दंगेखोरांची माहिती एकत्र करणारे केंद्र सुरू झाले, मैदानांत कॅमेरे आणि जाळ्या आल्या, पाहुण्या प्रेक्षकांना वेगळ्या गाड्यांतून आणून वेगळ्या दारांतून आत सोडू लागले. मैदानात मारामारी करणे कठीण झाले. म्हणून ज्यांना मारामारीच करायची होती त्यांनी ती महामार्गाच्या कडेला नेली. पाण्याला एक वाट बंद केली की ते दुसरी शोधते, तसेच. पिकोर्नीचा बळी गेला त्या माळावर काही शे माणसे होती आणि त्याच दिवशी देशभरच्या मैदानांत हजारो लोक शांतपणे सामने बघत होते, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत.

विद्वानांनी यावर बरेच लिहिले आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्येच सांगून टाकले होते की गर्दीत शिरला की माणूस विवेक गमावतो, झुंडीचा प्राणी होतो. हे मत पुढाऱ्यांना आणि पोलीस खात्याला फार आवडले, कारण मग कुणाचे काय चुकले हे शोधावे लागत नाही. लेस्टर विद्यापीठातले एरिक डनिंग आणि त्यांचे सहकारी म्हणत की मुळे खडतर कामगार वस्त्यांतल्या पुरुषीपणाच्या कल्पनांत आहेत. पीटर मार्श यांनी १९७० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मैदानावर पोरांमध्ये वावरून पाहिले, तेव्हा त्यांना आढळले की बाहेरून धुमाकूळ दिसतो त्याला आतून नियम असतात. अंगावर धावून जायचे, पण बहुतेक वेळा अंतर राखून, पाहणाऱ्याला दिसेल असे. म्हणजे आपल्याकडच्या भांडणात 'सोडा मला, बघतोच त्याला' म्हणणारा माणूस मनातून कुणीतरी धरून ठेवावे म्हणून वाट बघत असतो, त्यातला प्रकार!

आम्हाला प्रयोगशाळेतल्या माणसाच्या सवयीने सर्वांत पटले ते २००० सालच्या युरोपीय स्पर्धेचे उदाहरण. ती हॉलंड आणि बेल्जियमने मिळून भरवली होती. १२ जूनला इंग्लंड आयंदोवनला पोर्तुगालशी खेळले आणि २-० वरून ३-२ ने हरले. हजारो इंग्लिश समर्थक, बिअर भरपूर, आणि वर पराभव. भडका उडायला आणखी काय हवे? पण डच पोलीस साध्या गणवेशात लोकांत मिसळून, गप्पा मारत हिंडत होते आणि मोठे काही घडले नाही. पाच दिवसांनी तेच समर्थक बेल्जियममधल्या शार्लरुआला जर्मनीविरुद्धच्या सामन्याला गेले. तिथे दंगलविरोधी पथके आणि पाण्याच्या तोफा सज्ज होत्या. चौकात खुर्च्या उडाल्या, शेकडो लोकांना अटक झाली. इंग्लंड तो सामना १-० ने जिंकले होते. रसायन तेच, भांडे आणि आच वेगळी. अर्थात हा प्रयोग शुद्ध नाही. जर्मनी म्हणजे इंग्लंडचा जुना वैरी, चौक लहान. एवढ्यावर आम्ही शोधनिबंध छापणार नाही. पण पुढे स्टिफन राइशर आणि क्लिफर्ड स्टॉट यांनी नेमके यावरच काम केले आणि पोर्तुगालने २००४ च्या स्पर्धेत त्या विचाराने बंदोबस्त ठेवला. त्यांचे म्हणणे असे की गर्दीला वेड लागत नाही. तिच्यात शांत, चिडके आणि मुद्दाम भांडायला आलेले असे सगळे असतात. पोलिसांनी सगळ्यांनाच दंडुका दाखवला की शांत लोक चिडक्यांच्या बाजूला सरकतात. ओळखून मूठभरांनाच उचलले तर बाकीचे स्वतःच त्यांना आवर घालतात.

आता सर्वांत दुःखद भाग. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक इटालियन प्रेक्षकांवर चालून गेले, मागे हटणारी माणसे भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले. तिथे दोष समर्थकांचा होताच, आणि मोडकळीला आलेल्या मैदानाचाही. इंग्लिश क्लबांना पाच वर्षे युरोपबंदी झाली. त्यानंतर इंग्लंडात फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे जनावर असे ठरूनच गेले. मैदानांत आधीच लोखंडी कुंपणे होती. त्या पिंजऱ्यांकडे आता कुणी संशयाने बघेना. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पोलिसांनी बाहेरची गर्दी कमी करायला एक दार उघडले आणि लोंढा आधीच भरलेल्या पिंजऱ्यात गेला. पुढे कुंपण, मागून रेटा. माणसे उभ्या उभ्या गुदमरली. कुंपणावर चढू पाहणाऱ्यांकडे पोलीस सुरुवातीला मैदानात घुसू पाहणारे दंगेखोर म्हणून बघत होते. ९७ बळी गेले, त्यांत शाळकरी मुले होती. एका खपाच्या वृत्तपत्राने दोष दारुड्या समर्थकांवर टाकला आणि पोलिसांनीही तेच सांगितले. खरे काय ते अधिकृतपणे यायला २०१२ चा चौकशी अहवाल आणि २०१६ चा ज्यूरीचा निकाल यावा लागला. सत्तावीस वर्षे त्या आईबापांनी ऐकून घेतले की तुमची मुले हुल्लडबाज होती.

हिल्सबरो एकटेच नाही. लिमा येथे मे १९६४ मध्ये पेरू-अर्जेंटिना सामन्यात पंचाने गोल नाकारला, प्रेक्षक चिडले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. बाहेर पडायची दारे बंद होती. तीनशेहून अधिक मेले. इंडोनेशियात मलंग शहरी १ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा तेच: अश्रुधूर, अरुंद दारे, १३५ मृत्यू. तिथे तर पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता, म्हणजे मारामारी करायला समोर कुणी नव्हते. दंगेखोरांनी आजवर जेवढी माणसे मारली त्यापेक्षा, सगळ्यांनाच दंगेखोर समजणाऱ्या कुलुपांनी आणि धुराने कितीतरी जास्त मारली आहेत. आम्ही हा हिशेब दोनदा तपासला.

आपल्या देशाकडे वळू. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना होता. मोहन बागान १८८९ चा, जुन्या कोलकातेकरांचा. ईस्ट बंगाल १९२० चा, पूर्वेकडून आलेल्यांचा, आणि फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लाखो लोकांचा आधार. परक्या शहरात 'आपले' म्हणावे असे त्यांच्याकडे काय होते? एक क्लब होता आणि जेवणात हिल्सा मासा. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, पंचाने दोघांना बाहेर काढले, वर स्टँडमध्ये मारामारी पेटली आणि पळापळीत १६ जण चेंगरून मेले. तिथे आजही १६ ऑगस्टला फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात.

आणि आमचे कोल्हापूर. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात क्रिकेटचे राज्य असताना कोल्हापुरात फुटबॉल आहे, आणि तोही तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मुळात कुस्तीच्या तालमींची. त्यांच्याच मंडळांचे संघ. राजघराण्याचा या खेळाला आश्रय आहे. सामने शाहू स्टेडियमवर होतात. वैर पेठांचे: शिवाजी पेठ, मंगळवार पेठ. आम्हाला काका घेऊन जायचे. त्यांचे दोन नियम होते. बसायचे दाराजवळच्या पायरीवर, आणि सामना संपायच्या पाच मिनिटे आधी उठायचे. एकदा आम्ही हट्ट करून बसून राहिलो. निर्णय वादाचा ठरला, पाण्याच्या बाटल्या आल्या, मग दगड, मग पोलिसांच्या काठ्या. काकांनी आम्हाला काखेत धरून बाहेर आणले; एक चप्पल आत राहिली. (संघांची नावे मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडची मंडळी या वार्तापत्राची वाचक आहेत.)

त्या संध्याकाळचे एक वाक्य आज उपयोगाला येते. काका म्हणाले, "मला अर्ध्या तासापूर्वीच माहीत होतं. त्या कोपऱ्यातली दहा पोरं मॅच बघायला आलीच नव्हती, पाठ करून बसली होती." पुढची हजारो माणसे सामना बघत होती. काठ्या मात्र त्यांच्याही पाठीवर पडल्या. आणि हेही खरे की दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना त्याच चौकात, त्याच मिसळीच्या दुकानात एकमेकांचे तोंड बघायचे असते. कोल्हापुरात हुल्लडबाजी होते, सामने थांबतात, दर हंगामात पेपरात येते. पण हातोडे घेऊन माळावर भेटण्यापर्यंत गोष्ट जात नाही, याचे श्रेय आम्ही त्या मिसळीच्या दुकानाला देतो.

इकडे काय उपाय झाले? ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या महापौरांनी आणि फुटबॉल संघटनेने २००९ मध्ये ठरवले की आयॅक्स-फेयेनूर्ड सामन्यांना पाहुण्यांचे प्रेक्षक येणारच नाहीत. आधी पाच वर्षांसाठी ठरले, मग वाढत गेले. २०१० मध्ये कायदा आला. दंगेखोराला सामन्याच्या वेळी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगता येते. यामुळे मैदानाभोवतीची रणधुमाळी बरीच शमली. पण २४ सप्टेंबर २०२३ ला ॲमस्टरडॅममध्ये फेयेनूर्ड ३-० ने पुढे असताना आयॅक्सच्याच स्टँडमधून पेटते फटाके मैदानात पडले, सामना थांबला आणि उरलेला तीन दिवसांनी रिकाम्या मैदानात खेळवावा लागला. शेवट ०-४. फेयेनूर्डचा एकही प्रेक्षक आत नव्हता. राग होता आपल्याच क्लबाच्या कारभाऱ्यांवर. ग्लासगोचे १९०९ साल फिरून आले म्हणा ना.

आजोबांना आम्ही हे सगळे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे खेळामुळे मारत नाहीत. ज्यांना मारायचंय त्यांना खेळ सापडलाय." आम्ही तीन रात्री जागून जे वाचले ते त्यांनी चहाच्या दोन घोटांत आटोपले. आम्ही एवढीच भर घातली की ते मूठभर आहेत, कुठे उभे राहतात ते ठाऊक असते आणि कोणत्या सामन्यांना येतात तेही.

म्हणून कार्यकारिणीने असे ठरवले आहे. सहल न्यायची. फेयेनूर्डचा, उट्रेख्टचा किंवा युरोपीय स्पर्धेचा सामना घ्यायचा नाही. लहान संघाविरुद्धचा रविवार दुपारचा घ्यायचा. गोलमागच्या कट्टर समर्थकांच्या भागाची तिकिटे घ्यायची नाहीत. तीन मुलांमागे एक मोठे माणूस. हूफडॉर्पहून ३०० नंबरची बस थेट ॲरेनाला जाते. सामन्याच्या दिवशी ती लाल-पांढऱ्या मफलरांनी गच्च भरते, गाणी मोठ्याने चालतात, त्याला घाबरू नये, पण परतीला पहिली बस पकडायचा हट्टही करू नये. दार कुठे आहे ते बसण्याआधी पाहून ठेवावे. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, तेव्हा डबे नकोत. बटाटेवडे परत आल्यावर हॉलवर मिळतील.

एक अडचण उरली होती. त्या अकरा सह्यांमधली एक सही दोन वर्षांपूर्वी रॉटरडॅमहून इकडे राहायला आलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची आहे. तो पक्का फेयेनूर्डवाला. शाळेत त्याला त्यावरून बोलून घ्यावे लागते, आणि सहलीला आपला शर्ट घालून येता येईल का असे त्याने सरळ विचारले. त्याची आई म्हणाली, नको, तू घरीच राहा. आम्ही त्याला शेजारी बसवून १९७४ चा कायप आणि बेव्हरवाइकचा माळ दोन्ही सांगितले. त्याने विचार केला. शर्ट घरी ठेवायचे त्याने कबूल केले आहे. आयॅक्सने गोल केला तर टाळ्या मात्र वाजवणार नाही म्हणाला, आणि ती अट आम्ही मान्य केली आहे.